कोचावरचा विनोद आधी ठरलेला असतो का?

प्रश्न : अमेरिकेतल्या रात्री उशिराच्या टॉक शोंचे जुने तुकडे मी यूट्यूबवर आवडीने पाहते. विनोदी कलाकार कोचावर बसून सहज गप्पा मारतात आणि दर दोन वाक्यांना हशा पिकतो. हे त्यांना तिथल्या तिथे सुचतं, की सगळं आधीच ठरलेलं असतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बरंचसं ठरलेलं असतं. कार्यक्रमाआधी सेगमेंट प्रोड्यूसर पाहुण्याशी सविस्तर बोलतो, त्याच्याकडचे चांगले किस्से हेरतो आणि त्या किश्श्यांपाशी नेणारे प्रश्न सूत्रसंचालकाच्या कार्डांवर लिहून देतो. ‘नवीन घर घेतलंत म्हणे?’ असा साधा वाटणारा प्रश्न येतो, तेव्हा पुढचा किस्सा तयार असतो. पण म्हणून मजा कमी होत नाही. बंदिश गवयाला आधीपासून पाठ असते, तरी समेवर येताना आपण दाद देतोच.

नॉर्म मॅकडॉनल्डचं उदाहरण घ्या. 2009 साली ‘द टुनाइट शो’मध्ये कॉनन ओब्रायनसमोर बसून त्याने एका पतंगाचा विनोद सांगितला. पतंग म्हणजे दिव्यावर झेपावणारा तो कीटक. हा पतंग पायांच्या डॉक्टरकडे जातो. ‘काय होतंय?’ असं विचारल्यावर तो आपलं आयुष्यच मांडायला बसतो. कामात जीव रमत नाही, साहेब छळतो. रात्री जाग येते तेव्हा शेजारी झोपलेली बाई ओळखीची वाटत नाही. मुलगी थंडीत गेली. मुलगा आहे, पण त्याच्याविषयी आता माया वाटत नाही, कारण त्याच्या डोळ्यांत स्वतःचाच भित्रेपणा दिसतो. माणसांची नावं लांबलचक रशियन वळणाची, आणि नॉर्मचा चेहरा एखाद्या जड कादंबरीचं पान वाचून दाखवावं तसा गंभीर. डॉक्टर म्हणतो, ‘अरे, तू मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवंस, माझ्याकडे कशाला आलास?’ पतंग म्हणतो, ‘तुमचा दिवा चालू दिसला.’

मूळ विनोद अर्ध्या मिनिटाचा आहे. दिवा आणि पतंग ही जोडी तर आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक. नॉर्मने तो काही मिनिटं ताणला, आणि त्या काळात एक विलक्षण गोष्ट साधली : आपण ऐकतोय तो पतंग आहे, हेच आपण विसरून जातो. त्याचं दुःख खरं वाटू लागतं, मधे मधे हसू येतं तेही जरा अवघडलेलं. आणि मग दिवा लागतो. या माणसाचा ठहराव मला फार मोठा वाटतो. टीव्हीवर पाच सेकंदांच्या शांततेलाही लोक घाबरतात. त्याने मात्र प्रेक्षकांवर पूर्ण विश्वास टाकला. 14 सप्टेंबर 2021 रोजी तो गेला. त्या दिवसापासून मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही.

त्या कोचाचीही एक गोष्ट आहे. जॉनी कार्सनने 1962 ते 1992 अशी तीस वर्षं ‘टुनाइट शो’ चालवला. नवा स्टँड-अप कलाकार उभ्याने आपला कार्यक्रम करायचा, आणि कार्सनला तो भावला तर हाताची खूण करून त्याला शेजारी कोचावर बोलवायचा. ती खूण मिळाली की देशभर नाव व्हायचं. 1982 साली पहिल्यांदा आलेल्या स्टीव्हन राइटला त्याने आठवड्याच्या आत पुन्हा बोलावलं. 1986 साली एलन डीजेनेरस आली. पदार्पणातच कोचावर बोलावली गेलेली ती पहिली स्त्री कलाकार. तिने सादर केला तो देवाला लावलेला फोन : ‘देवा, पिसवा कशाला निर्माण केल्यास?’ तिची जिवलग मैत्रीण अपघातात गेली होती, आणि पिसवांनी भरलेल्या तळघरातल्या खोलीत राहताना तिने हे लिहिलं होतं. हे कळल्यावर तो फोन पुन्हा ऐका. हसू येतंच, पण गळ्यात काहीतरी दाटतंही.

आता ‘तिथल्या तिथे’ घडणाऱ्याबद्दल. 1965 साली एड एम्स हा गायक-अभिनेता कार्सनच्या कार्यक्रमात कुऱ्हाड फेकण्याचं प्रात्यक्षिक दाखवत होता. समोर लाकडी फळीवर काऊबॉयची आकृती काढलेली. कुऱ्हाड गेली ती थेट आकृतीच्या दोन पायांच्या मधोमध रुतली, दांडा वर करून. प्रेक्षक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. एम्स ओशाळला आणि कुऱ्हाड काढायला निघाला. तेवढ्यात कार्सनने त्याला धरून थांबवलं. स्वतः काहीच बोलला नाही. हशाची पहिली लाट पुरती येऊन जाऊ दिली आणि ती ओसरू लागल्यावर एकच वाक्य टाकलं : ‘तू ज्यू आहेस हे मला माहीतच नव्हतं.’ सुंतेचा तो उल्लेख प्रेक्षकांनी क्षणात पकडला आणि दुसरी लाट आली.

या प्रसंगाची तयारी कुठल्या कार्डावर असणार? पण शेकडो रात्री हशा ऐकून ऐकून कान तयार झालेला होता, म्हणूनच कार्सनला कळलं की आता तोंड उघडायचं नाही. तो तुकडा पुन्हा लावाल तेव्हा कुऱ्हाडीकडे पाहू नका. एम्सला अडवणाऱ्या कार्सनच्या हाताकडे पाहा.