पारमितेला मराठीत काय म्हणावे?

धम्माचा अभ्यास करताना 'पारमिता' हा शब्द आपल्याला वारंवार भेटतो. दान, शील, नैष्क्रम्य, प्रज्ञा, वीर्य, क्षांती, सत्य, अधिष्ठान, मैत्री व उपेक्षा या दहा पारमिता होत. याला मराठी शब्द विचारला, की 'श्रेष्ठता', 'पारंगतता', 'परिपूर्णता' अशी उत्तरे मिळतात. आपण ते एकेक तपासून पाहू.

'श्रेष्ठ' हा तुलनेचा शब्द आहे. एक श्रेष्ठ ठरला, की दुसरा कनिष्ठ ठरतोच. जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणाऱ्या व्यवस्थेचे चटके आपल्या समाजाने सोसले आहेत. म्हणून हा शब्द जपून वापरावा. अग्गञ्ञ सुत्तात तथागतांनी श्रेष्ठपण धम्माला दिले आहे, कुळाला नव्हे.

'पारंगत' म्हणजे पार गेलेला. तिबेटी भाषांतरकारांनीही पारमितेसाठी 'पैलतीरी गेलेले' अशा अर्थाचाच शब्द घडविला. परंतु आज मराठीत माणूस गणितात पारंगत असतो, तसा लबाडीतही असू शकतो! या शब्दात कौशल्य आहे, शील नाही.

'परिपूर्णता' हा शब्द अधिक जवळचा आहे. पालीतही पारमी 'पूर्ण करणे' असाच प्रयोग आढळतो. मात्र त्यात एक धोका आहे. "बुद्ध परिपूर्ण होते, आपल्याला ते कसे जमणार?" असे म्हणून आपण वंदना करतो आणि मोकळे होतो.

बुद्धवंसात सुमेध तापस दानपारमीचा विचार करतो, तेव्हा पालथ्या घातलेल्या भरल्या घड्याची उपमा येते. घडा आतले सर्व पाणी ओतून देतो. शेजारचा घडा किती मोठा, हे तो पाहत नाही. लहान घडाही पूर्ण रिता होऊ शकतो.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हेच सूत्र दिले आहे. हे सद्गुण आपल्या शक्तीच्या पराकोटीपर्यंत आचरावयाचे, म्हणून त्यांना पारमिता म्हणतात, असा त्यांचा आशय आहे. येथे माप स्वतःच्या शक्तीचे आहे, दुसऱ्या माणसाचे नाही.

म्हणून आमचे मत असे, की मूळ शब्द 'पारमिता' हाच ठेवावा आणि 'पूर्णत्वाला नेत राहण्याचा सद्गुण' असा त्याचा अर्थ सांगावा. विद्यार्थ्यांनी पाठ करताना दहा नावांपुढे एकेक प्रश्नही लिहावा : यातले माझ्या शक्तीइतके मी आज केले काय? शब्द बरोबर निवडला, की आचरणाची दिशाही बरोबर मिळते.