शरणपूर ते फ्रिअरटाउन : पाचारणाची वाट आणि मराठी आत्मकथनाची चौकट

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात आत्मकथनाला मध्यवर्ती स्थान आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८), पंडिता रमाबाईंची ‘आमच्या अखूट ठेव्याविषयी साक्ष’ (१९०७) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या तीन कृतींच्या आधारे आपण मराठीतील धर्मांतराच्या अनुभवाचे स्वरूप समजून घेत आलो आहोत. प्रवृत्तीने या कृती भिन्न आहेत. पदमनजी वादपटू आहेत, रमाबाई साक्ष देतात, तर लक्ष्मीबाई संसाराच्या तपशिलातून आपला अंतःप्रवास सहज सांगून जातात. तथापि तिन्हींच्या मुळाशी एक समान गृहीत आहे : माणसाला एक मन असते, त्या मनाला शंका पडतात, हाक ऐकू येते आणि त्या हाकेला होकार किंवा नकार देणे त्याच्या हाती असते. मराठी ख्रिस्ती परिभाषेत या हाकेला ‘पाचारण’ असा अर्थपूर्ण शब्द रूढ आहे.

हे गृहीत किती दूरवर लागू पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी एक विशिष्ट उदाहरण विचारात घ्यावयाचे आहे. महाराष्ट्राच्या भूमीवरून आफ्रिकेत दीर्घकाळ मिशनकार्य करण्यासाठी गेलेल्यांचा शोध घेऊ लागल्यास आपण नाशिकजवळच्या शरणपूरला येऊन पोहोचतो. तेथून निघालेली माणसे जन्माने आफ्रिकी होती आणि त्यांचे जाणे हे एका अर्थी परतणे होते. आत्मकथनाच्या आपल्या चर्चेत ही माणसे सहसा येत नाहीत. ती का येत नाहीत, याचा विचार केल्यास आपल्या समीक्षेच्या चौकटीविषयी काही मूलभूत गोष्टी हाती लागतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसविलेली ख्रिस्ती वस्ती होय. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रवर्तक. जुन्या समाजातून बाहेर पडलेल्यांना आसरा मिळावा आणि हाताला काम मिळावे, हा वस्तीमागील हेतू तिच्या नावातच व्यक्त झाला आहे. आज नाशिक शहरातील शरणपूर रोडवरून जाणाऱ्यास त्या नावामागचा इतिहास क्वचितच आठवत असेल.

या वस्तीत आफ्रिकी मुले कशी आली? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली अरबी गलबते ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात अडवीत असे. सोडविलेल्या माणसांपैकी बरीच मुंबईत उतरवली जात. त्यांतील अनेक मुले निरनिराळ्या मिशनांच्या हवाली करण्यात येत. १८६० नंतर शरणपूर हे अशा मुलांचे प्रमुख केंद्र बनले. तेथे त्यांना ख्रिस्ती शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसाय शिकविले जात. त्यांची मूळ नावे मागे पडली आणि विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन अशी नवी नावे त्यांना मिळाली. पुढे पूर्व आफ्रिकेत ही सर्व मंडळी ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखली गेली. ज्या किनाऱ्यावरून त्यांना नेण्यात आले होते, त्याच किनाऱ्यावर ती मुंबईच्या नावाने ओळखली जावी, हा योगायोग सूचक आहे.

मोंबासाजवळच्या राबाई येथे १८४६ पासून सोसायटीचे ठाणे होते. योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी तेथे तीन दशके जवळजवळ एकाकी राहिला. त्याच्या मदतीसाठी १८६४ च्या सुमारास जोन्स, सेम्लर, डेव्हिड ही शरणपूरची पहिली तुकडी रवाना झाली. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला असता त्याने नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण निवडले आणि जानेवारी १८६६ मध्ये त्यांना घेऊन तो झांझिबारकडे निघाला. माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या मोहिमेनंतर झांझिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांच्या सागरी व्यापारावर बंदी आणणारा करार केला. तदनंतर मुक्त झालेल्यांना मुंबईस आणण्याचे कारण उरले नाही. १८७४–७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासासमोर फ्रिअरटाउन ही वसाहत उभारली आणि शरणपूरची आफ्रिकी मंडळी तिचा कणा बनली. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागताच वसाहतीला सावध करणारी घंटा तेथे टांगलेली असे. त्या भागाला आजही स्वाहिलीत ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेची जागा, असे म्हणतात.

३

आता ही वाट ‘अरुणोदया’च्या वाटेशेजारी ठेवून पाहू. पदमनजींच्या कथनाचा क्रम परिचित आहे : घरातील संस्कार, शाळा, वाचन, शंका, वादविवाद, निश्चय, घराशी ताटातूट आणि शेवटी बाप्तिस्मा. येथे घर सुटणे हे श्रद्धेचे मोल आहे. लक्ष्मीबाईंच्या कथनात हेच मोल दुसऱ्या बाजूने मोजले जाते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी म्हणून त्यांच्या वाट्याला आलेला वियोग आणि त्यातून हळूहळू झालेले मनोपरिवर्तन हा ‘स्मृतिचित्रां’तील सर्वात जिवंत भाग आहे. या दोन्ही ठिकाणी कथनाचा ताण एकाच प्रश्नातून निर्माण होतो : घर सोडावे की नाही?

शरणपूरच्या मुलासमोर हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. त्याचे घर श्रद्धेच्या आधी सुटले होते, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. शंका, वाद, निश्चय या पायऱ्या चढण्याचे त्याचे वय नव्हते. ज्यांनी त्याला गलबतातून सोडविले, त्यांनीच त्याला नाव, भाषा, धर्म आणि कसब दिले; आणि त्याला आफ्रिकेस पाठवावे हे ठरविणारेही बहुतांशी तेच होते. अशा स्थितीत त्याने ऐकलेली हाक कोणाची, असा प्रश्न कोणीही विचारील. देवाची हाक आणि संस्थेचा आदेश यांतील सीमारेषा येथे पुसट होते.

परतणे हेही वरवरचेच होते. विल्यम जोन्स हा याओ जमातीचा. याओंचा प्रदेश न्यासा सरोवराच्या परिसरात, मोंबासापासून कितीतरी दक्षिणेस. आफ्रिकेत उतरल्यावर जोन्स आपल्या गावी गेला नाही, तर एका परक्या किनाऱ्यावर गेला आणि तेथील लोकांत त्याला परका म्हणूनच उभे राहावे लागले. नाशिकच्या वातावरणात वाढलेल्या तरुणांना तेथे स्वाहिलीचा आधार घ्यावा लागला. पदमनजींनी जुन्या समाजाचा त्याग केला तरी त्यांची मराठी त्यांच्याजवळच राहिली. तीच त्यांच्या लेखनाची शक्ती ठरली. जोन्सची भाषा मात्र प्रत्येक मुक्कामी बदलत गेली. ज्याची भाषा तीन वेळा बदलली, त्याने आत्मचरित्र कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाचकासाठी लिहावे?

४

यांपैकी जेकब वेनराइटने मात्र लिहिले. लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी १८७२ मध्ये जी तुकडी गेली, तीत वेनराइट होता. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचे निधन झाले. त्याचे काळीज तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव त्यानेच कोरले. नंतर सुसी, चुमा, वेनराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शव किनाऱ्यावरील बागामोयोपर्यंत वाहून आणले. या प्रवासास नऊ महिन्यांच्या आसपास लागले. वेनराइट शवासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो एकमेव आफ्रिकी होता.

या प्रवासाची इंग्रजी रोजनिशी त्याने लिहिली. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच प्रसिद्ध झाले. शरणपूरच्या शिक्षणातून निर्माण झालेला हा महत्त्वाचा प्रथमपुरुषी दस्तऐवज होय. तथापि त्याचा विषय दुसऱ्याचा मृत्यू आहे. लेखकाचे बालपण, त्याचे पकडले जाणे, नाशिकची वर्षे हा त्या रोजनिशीचा विषय नाही. ज्याच्या हातात लेखणी होती, त्याला स्वतःविषयी लिहिण्याचे निमंत्रण कोणी दिले नव्हते. ज्या काळात लिव्हिंग्स्टनविषयी इंग्रजीत ग्रंथामागून ग्रंथ निघाले, त्याच काळात वेनराइट आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये उरांबो येथे मरण पावला.

५

मग शरणपूरच्या माणसांना ‘वैयक्तिक वाट’ नव्हतीच, असा निष्कर्ष काढावा काय? तो घाईचा ठरेल. आपण ही वाट चुकीच्या ठिकाणी शोधतो, हे खरे कारण आहे. पदमनजींच्या नमुन्यावर वाढलेला वाचक पाचारणाचा क्षण प्रस्थानापूर्वी शोधतो : आधी हाक, मग निश्चय, मग प्रस्थान. जोन्सच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. प्रस्थान आधी झाले. निश्चय नंतर, तेथे राहण्यात झाला.

दोन प्रसंग पाहावेत. मे १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेम्लर यांना डीकन पदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाले, तेव्हा जोन्स बरोबर होता. पुढील मार्ग धोक्याचा असल्याने बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि उरलेला तांडा जोन्सच्या हवाली केला. ऑक्टोबर १८८५ च्या अखेरीस हॅनिंग्टन यांची हत्या झाली. वार्ता आल्यावर जोन्सने काही काळ वाट पाहिली आणि मग तो तांडा शेकडो मैल चालवीत फेब्रुवारी १८८६ मध्ये सुखरूप राबाईला परत आणला. इतिहासग्रंथांत हा प्रसंग बिशपच्या हौतात्म्याची कथा म्हणून येतो. तो तांडा परत आणणाऱ्याची कथाही आहे, हे वाचकाने लक्षात घ्यावयाचे असते.

दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा. १८८० च्या दशकात राबाईची जबाबदारी जोन्सकडे असताना किनाऱ्यावरील धन्यांकडून पळालेले गुलाम तेथे आसऱ्याला येऊ लागले. अशांना ठेवून घेणे म्हणजे किनाऱ्यावरच्या धनिकांचे वैर पत्करणे होते. म्हणून मिशनच्या वरिष्ठांचे धोरण सावध होते. तरीही पळून आलेल्यांची संख्या वाढतच गेली. १८८८ मध्ये हे प्रकरण हातघाईवर आले. अखेर ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीने धन्यांना भरपाई देण्याचे मान्य केले आणि १८८९ च्या प्रारंभी या लोकांना मुक्तिपत्रे देण्यात आली. गलबतातून सोडविलेला मुलगा येथे दुसऱ्यांना सोडविणारा झाला. ‘शरणपूर’ या शब्दाचा अर्थ राबाईत असा कृतीने सिद्ध झाला. पाचारणाला दिलेला होकार कोठे दाखवावयाचा असेल, तर तो येथे दाखवावा लागेल.

६

या होकाराला एक कडवट बाजूही आहे. फ्रिअरटाउन व राबाई येथे युरोपीय मिशनरी आणि बॉम्बे आफ्रिकन्स यांच्यात वेतन, अधिकार व वागणूक यांवरून तणाव राहिला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो प्रसंग मराठी अभ्यासकांना ठाऊक आहे. श्रद्धा ज्यांच्याकडून मिळाली त्यांच्याशीच बरोबरीच्या नात्याची मागणी करावी लागणे, हा दोन्हीकडील समान अनुभव होय. फरक इतकाच की टिळकांजवळ मराठी कविता होती, वाचक होते आणि त्यांचे जीवन लिहून ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या.

१९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि पुढील दलित आत्मकथनांनी मराठी समीक्षेला आत्मचरित्राची व्याख्या पुन्हा तपासावयास लावले. ‘मी’ हा नेहमी स्वतःच्या निश्चयातून घडतो असे नसून तो लादलेल्या नावातून आणि नाकारलेल्या घरातूनही घडतो, हे त्या लेखनाने शिकविले. शरणपूरच्या माणसांपर्यंत पोहोचण्यास हीच दृष्टी उपयोगी पडते. त्यांचे आत्मकथन ग्रंथरूपात नाही. ते झाडावर कोरलेल्या अक्षरांत, परत आणलेल्या तांड्यात आणि राबाईच्या मुक्तिपत्रांत विखुरलेले आहे. १९३५ मध्ये मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात मरण पावला, तेव्हा ‘स्मृतिचित्रां’चे भाग महाराष्ट्रात प्रसिद्ध होत होते. मराठी ख्रिस्ती आत्मकथनाचा हा एकच कालखंड होय. त्याचा एक काठ आपण बारकाईने वाचला आहे. दुसरा काठ वाचण्यासाठी ‘हाक कधी ऐकू आली’ या प्रश्नासोबत ‘तेथे राहून काय केले’ हा प्रश्नही आपण विद्यार्थ्यांसमोर ठेवला पाहिजे.