गुडघेदुखी : मालिश, ॲक्युपंक्चर की पुडी?

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. गुडघ्यांची झीज झाली आहे. वेदनाशामक गोळ्या कमी व्हाव्यात म्हणून ती मालिश, ॲक्युपंक्चर आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेली एक पुडी सुरू करायचं म्हणते. करू द्यावं का?

उत्तर : मालिश आणि शेक जरूर करू द्या. स्नायू सैल होतात, काही वेळ आराम पडतो. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही. गुडघा लाल, गरम किंवा सुजलेला असताना मालिश टाळा.

ॲक्युपंक्चरबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला सशर्त मान्यता आहे. ब्रिटनच्या २०२२च्या सूचना ते देऊ नये असं सांगतात. करायचंच असेल तर प्रशिक्षित व्यक्तीकडे, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. वजन जास्त असेल तर तेही उतरवा : १ किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

पुडी अजिबात नको. अशा लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. दुखणं झटकन थांबतं, पण रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. आई ती आधीपासूनच घेत असेल, तर अचानक बंद न करता पुडी घेऊनच डॉक्टरांना भेटा.