माळ्यावर ठेवलेला माणूस



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी धुतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि घरी येतो. घरी आल्यावर मात्र तीच रिकामी खुर्ची समोर असते. त्या खुर्चीचे काय करायचे, याविषयी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण फारसे बोलत नाही. म्हणून या वेळी या सदरासाठी थोडा वेगळा विषय घेतला आहे : टीव्हीवरील एका मालिकेचा एक भाग. ज्येष्ठ मंडळींनी लगेच पान उलटू नये, ही विनंती.

मालिकेचे नाव 'ब्लॅक मिरर'. ब्रिटनमधील या मालिकेत प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र असते. 'बी राइट बॅक', म्हणजे 'लगेच येतो', या नावाचा भाग ११ फेब्रुवारी २०१३ रोजी तेथील चॅनल फोरवर दाखवला गेला. लेखक चार्ली ब्रूकर. (हा भाग मोठ्यांसाठी आहे. त्यातले काही प्रसंग मुलांसोबत बसून पाहण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.)

मार्था आणि ॲश हे तरुण जोडपे खेड्यातल्या एका घरात राहायला येते. घर ॲशच्या आईवडिलांचे. तिथे त्याच्या लहानपणीचा एक फोटो सापडतो. तो पाहून ॲश मार्थाला जुनी हकिकत सांगतो. त्याचा भाऊ वारला तेव्हा आईने भावाचे सगळे फोटो भिंतीवरून उतरवून माळ्यावर टाकले. पुढे वडील गेले, तेव्हा त्यांचेही फोटो माळ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सामानासाठी भाड्याने आणलेली गाडी परत करायला ॲश निघतो आणि रस्त्यावरच्या अपघातात मरण पावतो.

अंत्यविधीच्या वेळी एक मैत्रीण मार्थाला एका नव्या सोयीविषयी सांगते. ॲश सतत मोबाईलमध्ये गुंतलेला असे. त्याने इंटरनेटवर लिहिलेले सगळे गोळा करून एक प्रोग्रॅम त्याच्यासारखे बोलू शकतो. मार्था संतापते. पण आपण गरोदर आहोत हे तिला कळते आणि ही बातमी ज्याला सर्वांत आधी सांगायची तोच नसतो. बहीण फोन उचलत नाही. मग ती त्या प्रोग्रॅमला लिहिते. आधी लेखी संदेश, मग जुन्या व्हिडिओंवरून तयार केलेला आवाज. ती तासन्‌तास त्या आवाजाशी बोलते आणि आता बहिणीचे फोन आले तर तीच घेत नाही. शेवटी एका पेटीतून ॲशसारखा दिसणारा कृत्रिम देह घरी येतो.

येथून पुढचा भाग अभ्यासण्यासारखा आहे. हा देह ॲशपेक्षा जरा देखणा आहे, कारण माणसे स्वतःचे चांगले फोटोच जपून ठेवतात. त्याच्या अंगावरचा एक तीळ राहून गेला आहे. मार्थाने सांगताच तो उमटतो. तो जेवत नाही, झोपत नाही. ती रागावली तर उलटून बोलत नाही. एका रात्री ती त्याला घराबाहेर काढते, तर तो पहाटेपर्यंत अंगणात उभाच. खरा ॲश वाद घालून, दार आपटून निघून गेला असता. शेवटी ती त्याला समुद्रकाठच्या कड्यावर नेते आणि उडी मारायला सांगते. तो तयार होतो. खरा ॲश घाबरला असता, रडला असता, असे ती म्हणताच तो रडून विनवण्या करू लागतो. मार्था किंचाळते. माझ्या मते तो एकच क्षण असा आहे की जेव्हा ती खऱ्या अर्थाने ॲशच्या मरणासाठी शोक करते.

मग काही वर्षे उलटलेली दिसतात. मुलगी मोठी झाली आहे, तिचा वाढदिवस आहे. केकचा एक जादा तुकडा घेऊन ती माळ्यावर 'त्याला' भेटायला जाते. एरवी फक्त शनिवार-रविवारी परवानगी असते. मार्था शिडीच्या पायथ्याशी डोळे भरून उभी आहे. सासूने फोटो माळ्यावर ठेवले होते, सुनेने माणूस ठेवला.

ही कल्पना आता फक्त टीव्हीवर राहिलेली नाही. २०२० साली दक्षिण कोरियातील एका दूरदर्शन वाहिनीने एका आईला तिच्या मरण पावलेल्या सात वर्षांच्या मुलीची संगणकावर तयार केलेली आकृती डोळ्यांवरच्या यंत्रातून 'भेटवली'. आई हवेत हात फिरवत रडत होती. मृत व्यक्तीचे संदेश आणि आवाज वापरून तिच्यासारखे बोलणारे प्रोग्रॅमही आता तयार होतात. आपल्या मुलांच्या मोबाईलपर्यंत ते यायला वेळ लागणार नाही, आणि प्रश्न पडतो की कॅथोलिक माणसाने ते वापरावेत का?

कोणी म्हणेल की हे भूत-प्रेत बोलावण्यासारखेच आहे. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात (अध्याय २८) शौल राजा रात्री वेषांतर करून एन-दोर येथील बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलला वर आणायला सांगतो. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २११६) मृतांना अशा रीतीने बोलावण्याचे सर्व प्रकार नाकारते. परंतु घाई करून तोच शिक्का येथे मारू नये, असे मला वाटते. संगणक कोणाच्या आत्म्याला बोलावत नाही. तेथे कोणीच आलेले नसते, आणि खरी अडचण तीच आहे. यंत्राला माणूस म्हणून पुढे करणे टाळले पाहिजे, असे व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये 'आन्तिक्वा एत नोव्हा' या पत्रकात सांगितले आहे. शौल आणि मार्था यांच्यात भूक मात्र एकच दिसते. गेलेल्या माणसाने आपल्या सोयीने, आपण हाक मारू तेव्हा बोलावे, ही ती भूक.

त्या भुकेला कोणी हसू नये. माझ्या आईचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. तो पुसण्यासाठी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. 'मार्था' या नावाने आपल्याला बेथानीची मार्था आठवते (योहान, अध्याय ११). तिचा भाऊ लाझरस वारला तेव्हा तिने प्रभूला सरळ दोष दिला. तो वेळेवर आला असता तर भाऊ मेला नसता, असे ती म्हणाली. प्रभू तिला रागावला नाही. आपण लाझरसला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो कबरीकडे जाताना रडला. आपल्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाला अंत्यविधीत 'धीर धर, रडू नकोस' असे सांगतात. त्यांनी हा अध्याय वाचावा.

आता योहानाचा विसावा अध्याय उघडा. मरिया मग्दालियाला कबरीपाशी प्रभू भेटतो. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा ती ओळखते. पण तो तिला स्वतःला धरून ठेवू देत नाही. पुनरुत्थित प्रभू तिच्या इच्छेप्रमाणे वागत नाही, उलट तिला शिष्यांकडे पाठवतो. टीव्हीवरची मार्था बनावट ॲशमुळे बहिणीपासून तुटली. मग्दालियाला जिवंत प्रभूने माणसांत परत धाडले. त्याच अध्यायात थॉमस प्रभूच्या जखमा पाहतो. यंत्राने तीळसुद्धा गाळून गुळगुळीत माणूस बनवला. पित्याने आपल्या पुत्राला उठवले तेव्हा खिळ्यांचे व्रण तसेच राहू दिले. आणि लूक सांगतो (अध्याय २४) की तो शिष्यांसमोर भाजलेला मासा जेवला. माळ्यावरच्या 'बाबां'साठी नेलेला केक मात्र मुलीलाच खावा लागतो.

आणखी एक गोष्ट. कोणी वारले की आपणही यंत्रासारखेच करतो : चांगले तेवढे फोटो निवडतो. श्रद्धांजलीच्या भाषणात प्रत्येक जण संत होतो. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय १२) यहूदाला रणात पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले. त्याने ती गोष्ट दडवली नाही आणि त्या सैनिकांना टाकलेही नाही. वर्गणी जमवून दोन हजार चांदीची नाणी त्यांच्या पापांसाठी बलिदान व्हावे म्हणून यरुशलेमला पाठवली. शुद्धिस्थळातील आत्म्यांसाठी आपण मिस्सा सांगतो त्यामागे हीच वृत्ती आहे. वडील तापट होते, पीत होते, एका भावाशी शेवटपर्यंत बोलले नाहीत; त्या खऱ्या वडिलांसाठी मिस्सा सांगायची असते, फ्रेममधल्या वडिलांसाठी नव्हे.

संत मोनिका इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे, आपल्या देशापासून दूर, मरण पावली. शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, असे तिने मुलांना सांगितल्याचे संत ऑगस्टीन 'कन्फेशन्स'च्या नवव्या ग्रंथात लिहितो. दफनाच्या वेळी त्याने अश्रू आवरले. स्नानाने मन हलके होते असे ऐकले होते म्हणून तो स्नान करून आला, काही फरक पडला नाही. रात्री झोपला, उठला आणि मग अंथरुणात एकटा असताना आईसाठी रडला. एवढा मोठा धर्मपंडित, पण हे त्याने लपवले नाही. पुढे वाचकांनाही तो विनवतो की वेदीपाशी माझ्या आईची आणि वडिलांचीही आठवण करा. या गोष्टीला सोळाशे वर्षे होऊन गेली.

या महिन्यात चर्चच्या दाराशी मृतांच्या नावांसाठी पेटी ठेवलेली असते. बरेच जण घाईत 'सर्व मृत नातेवाईक' एवढेच लिहून चिठ्ठी टाकतात. या वेळी नावे लिहा, मुलांना सोबत घेऊन लिहा, आणि ती माणसे कशी होती ते लिहिता लिहिता सांगा. आजोबांच्या घोरण्याचे आणि आत्याच्या भांडणांचेही सांगा. अभ्यासवर्गाला येणाऱ्यांनी योहानाचे अध्याय ११ आणि २० घरी वाचून यावे. चर्चेसाठी एकच प्रश्न आहे : मार्थाच्या बहिणीच्या जागी आपण असतो, तर फोन लागत नाही म्हणून थांबलो असतो, की तिच्या घरी गेलो असतो?