मताचे व्हाउचर

हिशेबतपासणी या विषयात आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आरंभीच सांगितले जाते की, बेरीज जुळली म्हणून हिशेब खरा ठरत नाही; नोंदीमागे व्हाउचर हवे. मतदान यंत्राकडे (‘मतदान’ हा शब्द मराठीत व कन्नडात एकच आहे) मी याच दृष्टीने पाहतो.

आपल्या देशात हे यंत्र प्रथम १९ मे १९८२ रोजी केरळातील परूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर वापरले गेले. तेथील एक उमेदवार सिवन पिल्लै यांनी यंत्राला आधीच हरकत घेतली होती, आणि गंमत अशी की, १२३ मतांनी निवडून आले तेच! मग पराभूत ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. यंत्रात बिघाड होता म्हणून नव्हे, तर कायद्यात यंत्राला जागाच नव्हती म्हणून. कागदावर फेरमतदान झाले आणि जोस विजयी झाले. कायद्यात तरतूद झाली ती १९८९ साली.

‘त्यापेक्षा कागदच बरा’ म्हणणाऱ्यांना मी आपल्या बेळगावची १९९६ ची लोकसभा निवडणूक आठवून देतो. उमेदवार होते ४५६! मतपत्रिकेत आपले चिन्ह शोधणे हीच मतदाराची परीक्षा.

यंत्रावर देखरेख नाही असे नाही. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मते टाकून चाचणी घेतात. शेवटी एकूण मतांचा आकडा नमुना १७-सी मध्ये लिहून त्याची प्रत प्रतिनिधींना देतात. दुकानदार रात्री गल्ला जुळवतो तसेच हे. मात्र गल्ला जुळला तरी कोणाच्या खाती किती जमा झाले, हे त्यावरून समजत नाही. ती उणीव चिठ्ठीने भरून काढली. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ती प्रथम आली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सोय टप्प्याटप्प्याने सर्वत्र करण्यास सांगितले. चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते व पेटीत पडते. हेच मताचे व्हाउचर.

पण त्यांतली तपासायची किती? २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सर्वच मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. नमुना तपासणीला माझा विरोध नाही. कोणताही हिशेबतपासनीस सगळी व्हाउचरे पाहत नाही. परंतु जेथे जोखीम अधिक, तेथे तो नमुना वाढवतो. परूरप्रमाणे निकाल १२३ मतांवर आला, तर पाच केंद्रे कशी पुरतील? अशा वेळी उमेदवाराला चिठ्ठ्या मोजण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो मान्य करणे निवडणूक अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. माझ्या मते, अंतर ठरावीक मर्यादेहून कमी असल्यास ही मोजणी अर्जावाचून, आपोआप व्हावी. चिठ्ठ्या पेटीत आहेतच. निकालाला थोडा उशीर होईल, इतकेच.