पालेकरांचा शर्ट, आदिलाबादचा उन्हाळा

प्रश्न : आदिलाबादच्या बँकेत नुकताच लागलोय. सिनेमातल्या नायकांसारखं नीटनेटकं दिसायचंय. सूट शिवू का?

उत्तर : सूट नकोच. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे कोटाचा निव्वळ जाच होईल. त्यापेक्षा बासू चटर्जींचा ‘छोटीसी बात’ (1976) पाहा. अमोल पालेकरांचा अरुण मुंबईतला साधा नोकरदार, बसच्या रांगेत उभा राहणारा. खंडाळ्याला अशोककुमारच्या कर्नलकडून धडे घेऊन तो परततो, तेव्हा कपड्यांपेक्षा त्याची चाल आणि नजर बदललेली असते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ताठ उभं राहणाऱ्याला साधा शर्टही शोभतो.

तुमचा जिल्हा कापसाचा, तेव्हा शर्ट सुतीच घ्या : पांढरा, फिकट निळा, बारीक रेघांचा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या टोकावर यायला हवी. तयार शर्टात ती उतरत असेल, तर शिंप्याकडून शिवून घ्या. पँट गडद, पट्टा आणि बूट एकाच रंगाचे. टाय आवडत असेल तर ‘रॉकेट सिंग’मधला (2009) रणबीर कपूर बघा. डिसेंबरच्या कडाक्यात शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर उत्तम. पहिल्या पगारात दोन चांगले शर्ट शिवा, बाकी हळूहळू घ्या.