कृष्णेच्या उताराने सायकलवर

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी वाईत उभं राहून पाहावं, बाहेरगावाहून आलेल्या बहुतेक सायकलींची तोंडं पसरणी घाटाकडे असतात. बारा किलोमीटरचा चढ, वर पाचगणी, स्ट्रॉबेरी, फोटो आणि परत. चढ चढायला माझी ना नाही, पण जिच्या खोऱ्यातून ही मंडळी वर जातात त्या कृष्णेच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. धोमपासून खिद्रापूरपर्यंत नदीच्या अंगाने खाली उतरत गेलं तर साधारण २५० किलोमीटर होतात. वाई ७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, सांगली ५५० च्या. हा उतार एवढ्या लांबीवर पसरला आहे की तो डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना कळतो. सायकलवरून पहिल्यांदाच मुक्कामी भटकायला निघणाऱ्याने महाराष्ट्रात कुठली वाट धरावी असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन.

एक अट मात्र पाळायची: पुणे-बंगळूर महामार्ग टाळायचा. नकाशा उघडला की तो ठळक रंगात दिसतो आणि मोबाइल तुम्हाला तिकडेच ढकलतो. नदी, महामार्ग आणि पुणे-मिरज रेल्वे ही तिन्ही या खोऱ्यात कधी जवळ येत, कधी लांब जात दक्षिणेकडे उतरतात. आपण नदी आणि रेल्वे यांच्या संगतीत राहायचं. रेल्वेचा दुहेरी फायदा आहे. बिनगर्दीचे जुने रस्ते बहुतेक तिच्याच बाजूला आहेत, आणि सायकल बिघडली, पाय दुखले, सुट्टी संपली तर कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली अशी स्टेशनं वाटेत येत राहतात.

सुरुवात वाईतून करा, पण आधी उलट दिशेला, धोमकडे जा. तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरी घाट सकाळी आठच्या आत पाहावा, नंतर शूटिंगवाले किंवा प्री-वेडिंगवाले येतात. घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली भलीमोठी घंटा पोर्तुगिजांची, १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली. पुढे धोमला नरसिंहाचं देऊळ आहे आणि महादेवाच्या देवळासमोर कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. भोवतीच्या कमळाच्या आकाराच्या हौदात पाणी भरलं की कासव तरंगतंय असं वाटतं. धरणाच्या पाण्याकडेने आणखी आत गेलं तर बलकवडीचं धरण लागतं आणि खोऱ्याच्या टोकाला महाबळेश्वरच्या कड्याखाली जोर हे गाव. हा आतला भाग चढउताराचा आहे, तिथे दुकानं थोडी आणि रेंज त्याहून थोडी. वेळ असेल तर एक दिवस यालाच द्या. कमळगड, पांडवगड, वैराटगड असे गड बघत चालवण्यासारखा दुसरा टप्पा या वाटेवर नाही.

वाईतला ढोल्या गणपती आणि सात घाट सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून त्यावर थांबत नाही. वाईहून बावधनमार्गे पाचवडला येईपर्यंत रस्ता छान आहे. पाचवडपासून लिंब फाट्यापर्यंतचा तुकडा मात्र महामार्गाच्या कडेने काढावा लागतो. सेवा रस्ता आहे तिथे सेवा रस्ता, नाही तिथे एकामागे एक, गप्पा न मारता. संपूर्ण वाटेतला सगळ्यात नावडता भाग हाच.

लिंब फाट्याला वळलात की सगळं बदलतं. गावाजवळची बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधली. वरून पाहिलं तर अष्टकोनी विहिरीला चौकोनी विहीर जोडलेली दिसते, आणि या दोहोंमध्ये कमानींवर चक्क एक छोटा महाल. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. पायऱ्या उतरताना सायकलचे क्लीट असलेले बूट काढून ठेवा, दगड गुळगुळीत आहेत. तिथून गोव्याकडे (हे साताऱ्याचं गोवे, समुद्राचं नव्हे) नदीकाठी कोटेश्वराचं देऊळ आहे. पुढे वाढे फाट्यावरून सातारा गाठायचं.

साताऱ्यात पेढे घेऊन लगेच निघू नका, पूर्वेला पाचेक किलोमीटरवर संगम माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. घाटावर विश्वेश्वराचं देऊळ, पलीकडच्या काठाला रामेश्वराचं. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. संध्याकाळचा तास इथे द्या आणि साताऱ्यात मुक्काम करा.

दुसऱ्या टप्प्यात सातारा ते कऱ्हाड. महामार्गाने गेलात तर दुपारच्या आत पोचाल आणि ट्रकच्या धुरापलीकडे काही पाहिलेलं नसेल. अंगापूर, धामणेर, रहिमतपूर, मसूर असं गेलं तर सत्तर किलोमीटरच्या घरात जातं, पण रस्ता ऊस, आलं, हळद यांच्यातून जातो. अंगापूरच्या डोहात समर्थ रामदासांना चाफळच्या रामाची मूर्ती मिळाली अशी परंपरा सांगते. धामणेरजवळ नदी ओलांडून आपण डाव्या काठाला येतो आणि कऱ्हाडच्या जवळ येईपर्यंत तिथेच राहतो. या पट्ट्यात मोठं हॉटेल शोधू नका. बसस्टँडसमोरचा वडापाव, मिसळ, चहा यावर दिवस उत्तम निघतो. कऱ्हाडात शिरण्यापूर्वी ओगलेवाडी लागते. ‘प्रभाकर’ कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना ते नाव आठवेल, काचकारखान्यामुळे वसलेलं हे गाव. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशनही इथेच आहे, शहरात नव्हे, हे गाडी पकडणाऱ्याने लक्षात ठेवावं.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम पाहण्यासारखा का, तर नद्या सहसा तिरक्या येऊन मिळतात. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी काटकोनात वळून पूर्वेला जातात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. गावात जुन्या कोटातली नकट्या रावळाची विहीर आहे, तीही पाहा. रात्री अख्खा मसूर आणि भाकरी. कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यातलं हे खास जेवण, आणि दिवसभर पायडल मारलेल्या पोटाला याहून चांगलं काही नाही.

इथून पुढचा टप्पा माझ्या मते सगळ्यात सरस. कऱ्हाडातून बाहेर पडताच गोळेश्वर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच गावचे. पुढे कार्वे, शेणोलीवरून ताकारीला यायचं. ताकारीहून पूल ओलांडून बहे इथे वाकडी वाट करा. नदीच्या मधोमध रामलिंग बेट आहे आणि त्यावर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. परत ताकारीला येऊन किर्लोस्करवाडी, पलूस, भिलवडी. उन्हं चढायच्या आत निघालात आणि दोन ठिकाणी रस प्यायलात तर दुपारी तीनपर्यंत भिलवडीला पोचाल. मग पूल ओलांडून अंकलखोपवरून औदुंबर. दत्तस्थान, भक्तनिवास, दाट झाडी, खाली संथ नदी. नाव चालू असेल तर पलीकडे भुवनेश्वरीच्या देवळाला जाऊन या. या काठची वांगी चवीला प्रसिद्ध आहेत. जिथे जेवाल तिथे भरलं वांगं आहे का, एवढं विचाराच.

आता इशारा, आणि तो मनावर घ्या. घाम आला, पाणी निवांत दिसलं म्हणून नदीत उतरू नका. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. गावकरी कुठल्या घाटावर उतरतात ते विचारा. पाय धुवायचे तर तिथेच, तेही वरच्या पायरीवर. हातपंपाखाली डोकं धरलं तरी तेवढाच गारवा मिळतो.

औदुंबरहून सांगली वसगडे, नांद्रेमार्गे तीस किलोमीटरच्या आत. सांगलीत गणपतीचं देऊळ, १९२९ चा आयर्विन पूल आणि भडंग. दोनतीन किलोमीटरवरच्या हरिपूरला जरूर जा. चिंचेच्या झाडांचा रस्ता, कृष्णा-वारणेचा संगम आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायची पद्धत इथली. २००५ च्या महापुराने त्या पेवांचं फार नुकसान केलं. सांगली-जयसिंगपूर रस्ता गर्दीचा आहे, तो सकाळी सातच्या आत काढा. शिरोळवरून नृसिंहवाडी गाठली की पुन्हा शांतता. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पादुकांचं दर्शन घ्यावं, बासुंदी खावी, कवठाची बर्फी पिशवीत टाकावी. कुरुंदवाडवरून खिद्रापूर आणखी सतराअठरा किलोमीटर, सपाट. बाराव्या शतकातल्या शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याला मधोमध छप्पर नाही, गोल आकाश आहे. दुपारी बारानंतर जा, उजेड सरळ खाली येतो.

कधी निघायचं हा प्रश्न इथे नेहमीपेक्षा अवघड आहे. जून ते सप्टेंबर नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत याच काठाची गावं बुडाली होती, आणि साध्या पावसाळ्यातही नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. मोबाइलवरचा नकाशा त्या बंधाऱ्यावरून रस्ता दाखवतो, तो आहे की नाही हे पारावरच्या माणसालाच ठाऊक असतं. मार्चपासून ऊन. उरला ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तोच साखर कारखान्यांचा हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या निम्म्याहून जास्त रुंद ऊस, मागे दिवा नाही, आणि स्पीकरच्या दणक्यात चालकाला तुमची घंटी ऐकू येण्याची शक्यता शून्य. मागची ट्रॉली वळणावर आत झुकते, म्हणून डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. अंधार पडल्यावर चालवूच नका. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. सगळ्यात चांगले दिवस विचाराल तर दिवाळीच्या आगेमागे, गाळप जोरात सुरू होण्याआधीचे.

सायकल कुठलीही चालते. बारीक टायरची रेसिंग सायकल मात्र घरी ठेवा. उसाच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे, चिपाडं आणि ट्रॅक्टरने आणलेला चिखल असतो. काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की सायकल ढकलणंही जमत नाही. पाऊस पडून गेला असेल तर शेतातली जवळची वाट सोडा, डांबरीवरच राहा. दोन जादा ट्यूब घ्या. गावोगावी पंक्चरवाला भेटतो, पण बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये त्याच्या पंपाने हवा जात नाही. वीसतीस रुपयांचं अॅडाप्टर जवळ ठेवलंत तर काम होतं.

परतीला मिरज सोयीचं. मोठं जंक्शन असल्याने सायकल पार्सल म्हणून टाकणं लहान स्टेशनांपेक्षा सोपं जातं. गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात जा. दिवे, मीटर, पिशव्या, बाटल्या काढून घ्या. सायकलला नाव-पत्त्याचा पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा, आणि पार्सल त्याच गाडीत चढलं का हे डोळ्यांनी बघा.

सगळे टप्पे एका दमात करायचे तर पाच दिवस ठेवा, रोज सरासरी पन्नास-साठ किलोमीटर. दोनच दिवस असतील तर वाई ते कऱ्हाड सोडून द्या. शनिवारी पहाटे कऱ्हाडहून निघा, औदुंबरला मुक्काम करा, रविवारी नृसिंहवाडी करून मिरजेला गाडी पकडा. खिद्रापूर त्यात बसत नाही, त्याच्यासाठी एक दिवसाची रजा टाका.